बंदर पाहून बोट ठरवा

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. मुंबईहून सुटलेल्या कोकण बोटीची पणजीपर्यंतची ही नऊ बंदरे. काळानुसार यादीत एखादे बंदर कमी-जास्त होत गेले, पण कोकणातल्या दोन-तीन पिढ्यांना हा क्रम पाठ होता. समुद्रातून हा सगळा पल्ला सुमारे २१५ सागरी मैलांचा, म्हणजे ४०० किलोमीटरचा. भागाकार केला तर दर २१-२२ सागरी मैलांवर एक थांबा पडतो.

आता नॉर्वे पाहू. आज बर्गन ते किर्केनेस धावणारी तिथली किनारी बोटसेवा १८९३ मध्ये सुरू झाली आणि जगभरचे पर्यटक तिच्यासाठी नॉर्वेला जातात. ती ३४ बंदरे घेते. पण तिचा एकेरी पल्ला सुमारे १,२५० सागरी मैलांचा असल्याने दोन थांब्यांतले सरासरी अंतर ३८ सागरी मैल होते. थांब्यांच्या दाटीचा विचार केला तर आपली कोकण बोट नॉर्वेच्या पुढे होती.

आज चित्र काय आहे? २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई–कोकण रो-रो (प्रवाशांबरोबर गाड्याही नेणारी) बोटसेवा जाहीर झाली, तिचे कोकणातले थांबे दोन: जयगड आणि विजयदुर्ग. नऊ बंदरांच्या जागी दोन. रत्नागिरी शहर या यादीत नाही.

हे आकडे आधी मांडले, कारण समुद्रप्रवासाची चर्चा आपल्याकडे जहाजापासून सुरू होते. जहाज किती मजली, खोली कशी, जेवण शाकाहारी मिळते का, भाडे किती, हेच आपण आधी विचारतो. हे प्रश्न रास्त आहेत, पण दुसऱ्या क्रमांकाचे. प्रवास पदरात पडतो की वाया जातो, ते बंदर ठरवते. निवृत्तीनंतर नॉर्वे-बाल्टिकच्या क्रूझचा बेत आखणारे रत्नागिरीतले जोडपे असो, नाहीतर गणपतीला गाडीसकट गावी येऊ पाहणारा चाकरमानी असो, दोघांनाही एकच पट्टी लागू पडते.

तीन आकड्यांची पट्टी

पहिला आकडा: बंदरावर हातात राहणारा खरा वेळ. वेळापत्रकात ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असे छापलेले असते. ते नऊ तास जहाजाचे असतात. उतरण्याची परवानगी, रांग आणि तपासणी यांत पाऊण तास जातो. सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी परत हजर व्हावे लागते. छापील वेळेतून दीड तास वजा करूनच पुढचा हिशेब करावा.

दुसरा आकडा: धक्क्यापासून गावाचे अंतर. बंदराला नाव मोठ्या शहराचे दिलेले असते आणि शहर भलतीकडेच असते. क्रूझच्या पत्रकात ‘पॅरिस’ लिहिलेले असते आणि जहाज लागते ल हाव्रला, तिथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर. ‘लंडन’चे बंदर साउदॅम्प्टन, अंतर सुमारे १३० किलोमीटर. ‘स्टॉकहोम’ म्हणून पुष्कळ मोठी जहाजे न्यूनेसहाम्नला थांबतात, तिथून शहर ६० किलोमीटरवर. ‘बर्लिन’चे बंदर वार्नेम्युंडे आणि प्रत्यक्ष बर्लिन सुमारे २३० किलोमीटर आत.

तिसरा आकडा: जहाज धक्क्याला लागते की बाहेर नांगर टाकते. नांगर टाकला तर प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर न्यावे लागते. समजा जहाजावर २,००० प्रवासी आहेत, १०० माणसांच्या पाच होड्या आहेत आणि प्रत्येक होडीला जाऊन-येऊन ४० मिनिटे लागतात. सगळ्यांना उतरवायला चार खेपा, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे. पहिल्या खेपेचा प्रवासी बाजार पाहून होतो, तेव्हा शेवटच्या खेपेचा प्रवासी पायरीवरच असतो. समुद्र खवळला तर तो थांबाच रद्द होतो.

रत्नागिरीकराला हा तिसरा आकडा समजावून सांगायची गरज नाही. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव तिला जाऊन भिडायचे. म्हातारी माणसे, कडेवरची पोरे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळे लाटेचा अंदाज घेत बोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर यायचे. मुंबई ते रत्नागिरी प्रवास किती तासांचा, याबरोबरच पडावात किती वेळ आणि कसा जाणार, हा तेव्हाच्या प्रवाशाचा खरा प्रश्न असे. युरोपच्या पत्रकात नांगरावरच्या बंदरापुढे एक लहानशी खूण असते. जहाजाच्या फोटोकडे पाहण्याआधी ती खूण शोधावी.

उत्तर युरोप: एका दिवसाचा हिशेब

ही पट्टी दोन बंदरांना लावून पाहू. वार्नेम्युंडेला जहाज समजा बारा तास थांबते आणि एस्टोनियाच्या तालिनला आठ तास. कागदावर वार्नेम्युंडे उजवे दिसते. आता वजाबाकी करा. वार्नेम्युंडेच्या बारातून उतरण्या-चढण्याचे दीड तास गेले. बर्लिनला जायला तीन आणि यायला तीन, असे सहा तास रेल्वेत किंवा बसमध्ये गेले. बर्लिनसाठी उरले साडेचार तास. तालिनच्या आठातून दीड तास गेले. तिथला क्रूझचा धक्का जुन्या शहरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे धरली तरी जवळपास सहा तास उरले. बारा तासांच्या थांब्यापेक्षा आठ तासांचा थांबा एक तास वीस मिनिटांनी मोठा निघाला, आणि बसभाड्याचा एक पैसा न देता.

याचा अर्थ बर्लिन पाहू नये असा नाही. बर्लिन पाहायचे असेल तर वेगळे दोन-तीन दिवस काढून पाहावे. क्रूझवर असताना वार्नेम्युंडे-रोस्टॉक हीच जुनी बंदरगावे पाहणे फायद्याचे.

नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये पट्टी थोडी बदलते, कारण तिथे बंदरात शिरणे हाच प्रवासाचा गाभा असतो. फ्लोमला उतरले की धक्क्याजवळूनच डोंगरी रेल्वे सुटते. सुमारे २० किलोमीटरच्या मार्गात ती समुद्रसपाटीपासून ८६६ मीटर उंचीवर चढते, एका बाजूला साधारण तासभर लागतो. तिथे पाच तास मिळाले तरी दिवस सत्कारणी लागतो. गैरांगर हे जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचे गाव, पण तिथला फ्योर्ड जागतिक वारसा यादीत आहे. नॉर्वेने या वारसा-फ्योर्डांत १ जानेवारी २०२६ पासून १०,००० टनभाराखालच्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातली. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत दिली. पुढच्या काही वर्षांचे बुकिंग करताना आपले जहाज त्या फ्योर्डमध्ये खरोखर शिरणार आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

बंदर बदलले की फेरीची किंमत कशी बदलते, याचे मोठे उदाहरण सेंट पीटर्सबर्ग. बाल्टिकच्या फेरीत ते मुकुटमण्यासारखे होते. क्रूझने येऊन अधिकृत सहलीत फिरणाऱ्याला तिथे ७२ तास व्हिसाशिवाय उतरता येई, आणि त्या दोन-तीन दिवसांसाठी लोक पूर्ण फेरीचे पैसे मोजत. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर क्रूझ कंपन्यांनी ते बंदर वगळले. जहाजे तीच, खोल्या त्याच, पण फेरी निराळी झाली. जुनी प्रवासवर्णने वाचून बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक चौथा आकडाही आहे: व्हिसा किती लागतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, एस्टोनिया, जर्मनी ही सगळी शेंगेनमध्ये येतात; प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो. पण त्याच फेरीत एडिनबरा किंवा साउदॅम्प्टन असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि शेंगेनमधून बाहेर पडून परत आत यायचे असल्याने शेंगेन व्हिसाही अनेक-प्रवेशाचाच हवा. फेरीत ब्रिटनचे एक बंदर आले की खर्च आणि कागदपत्रे दोन्ही वाढतात. त्या एका बंदरासाठी ते करायचे का, हे पैसे भरण्यापूर्वी ठरवावे.

जयगड: नकाशावरचा हिशेब

आता घरच्या किनाऱ्याकडे वळू. जाहीर झालेल्या रो-रो जहाजाचा वेग २५ नॉट, म्हणजे ताशी २५ सागरी मैल. क्षमता ६५६ प्रवासी, ५० मोटारी आणि ३० दुचाकी. जयगडला तीन ते साडेतीन तास आणि विजयदुर्गला पाच तास, असे सांगितले गेले.

हे वेळापत्रक कोणालाही घरबसल्या तपासता येते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मुंबईचे बंदर १८ अंश ५७ मिनिटांवर, जयगड सुमारे १७ अंश १८ मिनिटांवर. वजाबाकी ९९ मिनिटे. बोट जवळपास सरळ दक्षिणेला जाते, किनारा किंचित पूर्वेकडे सरकतो, म्हणून अंतर १०० सागरी मैलांच्या थोडे वर धरावे. २५ ने भागले की चार तास. विजयदुर्ग १६ अंश ३३ मिनिटांवर. तिथले अंतर सुमारे १४७ सागरी मैल आणि वेळ सहा तासांना थोडी कमी. मुंबई बंदरातून आणि खाडीच्या मुखातून हळू चालावे लागते, तो वेळ वेगळा. म्हणजे पूर्ण वेगाने गेले तरी जाहीर वेळेपेक्षा अर्धा ते एक तास जास्त लागणार.

रत्नागिरी शहरातल्या माणसाने पुढची बेरीज करावी. जहाजावर चढण्यासाठी आधी पोचणे, अर्धा तास. समुद्रात चार तास. जयगडला उतरून शहर गाठायला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, सव्वा ते दीड तास. एकूण सहा तास. वंदे भारत मुंबईहून रत्नागिरीला पावसाळा सोडून सुमारे साडेचार तासांत येते. कुवारबावच्या स्टेशनावरून शहरात यायला आणखी थोडा वेळ. रत्नागिरी शहरासाठी बोट रेल्वेपेक्षा जलद नाही.

मग ती कोणासाठी? बंदर पाहिले की उत्तर मिळते. जयगडहून गणपतीपुळे सुमारे वीस किलोमीटर, मालगुंड त्याला लागूनच. जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की समोर तवसाळ आणि पुढे गुहागर. या पट्ट्यातल्या माणसाला रेल्वेने आधी रत्नागिरी, संगमेश्वर नाहीतर चिपळूण गाठायचे आणि मग उलटे समुद्राकडे यायचे, असा फेरा पडतो. त्याच्या दारात उतरवणारी ही बोट आहे. विजयदुर्गचा थांबा तसाच देवगड तालुक्याला आणि राजापूरच्या दक्षिण भागाला सोयीचा. एकच जहाज, एकच तिकीट. पण गुहागरच्या माणसाचा त्यात उलटा फेरा वाचतो आणि रत्नागिरीच्या माणसाचा तासही वाचत नाही.

पैशांचा हिशेबही मांडू. जाहीर झालेले साधे भाडे माणशी २,५०० रुपये, मोटारीचे ६,०००. चौघांचे कुटुंब आणि एक गाडी म्हणजे एकेरी १६,००० रुपये. रस्त्याने मुंबई–रत्नागिरी सुमारे ३३० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर २२ लिटर पेट्रोल, म्हणजे अडीच हजारांच्या आत. मुंबई-गोवा महामार्गाची अर्धवट कामे, खड्डे आणि गणपतीतली कोंडी चुकवण्याची किंमत कुटुंबाला साडेतेरा हजार पडते. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, गाडी गावी लागणारच असेल, तर ही किंमत काहींना योग्य वाटेल. पण ‘कोकणवासीयांसाठी स्वस्त पर्याय’ असे तिला म्हणता येणार नाही. भाड्याचे दर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजे दर आणि त्या दिवशी बोट आहे की नाही, दोन्ही पाहून घ्यावे.

समुद्राचा हंगाम आणि गणपतीची तारीख

कोकणच्या बंदरांचा सगळ्यात मोठा आकडा पंचांगात असतो. जून ते ऑगस्ट समुद्र बंद. गेटवे–मांडवा प्रवासी बोटीसुद्धा मे अखेरीला थांबतात आणि १ सप्टेंबरला पुन्हा सुरू होतात. १७ जुलै १९४७ ला ऐन पावसाळ्यात रेवसला निघालेली ‘रामदास’ मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. हंगामाचा नियम कशासाठी पाळायचा, हे कोकणाला तेव्हापासून सांगावे लागत नाही.

आता चाकरमान्यांची तारीख पाहा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. गणपतीसाठी म्हणून चर्चेत आलेल्या रो-रो सेवेची १ सप्टेंबर ही तारीखच मुळात चतुर्थीनंतरची होती, आणि तीही खराब हवामानामुळे पुढे गेली. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, २०२७ ची ४ सप्टेंबरला, २०२८ ची २३ ऑगस्टला. म्हणजे २०२६ ला हंगाम उघडून दोन आठवडे झालेले असतील, २०२७ ला जेमतेम तीन दिवस आणि २०२८ ला समुद्र बंदच असेल. गणपतीला बोटीने जाण्याचे नियोजन दर वर्षी एकाच ठोकताळ्याने करता येणार नाही, हे या तीन तारखाच सांगतात. शिमग्याला, मे महिन्याच्या सुट्टीला आणि दिवाळीला मात्र समुद्र खुला असतो. बोटीचा खरा उपयोग त्या दिवसांत आहे.

रत्नागिरी बंदर या पट्टीवर कुठे बसते?

रत्नागिरीचे भगवती बंदर रत्नदुर्गाच्या पायथ्याशी आहे. तिथे क्रूझ टर्मिनल उभारण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने पुढे नेला आहे. युरोपच्या बंदरांना लावलेली पट्टी इथे लावून पाहू.

धक्का ते गाव या कसोटीवर रत्नागिरी पहिल्या वर्गात येते. रत्नदुर्ग तर माथ्यावरच. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, १९३१ चे पतितपावन मंदिर, ब्रह्मदेशातून १८८६ मध्ये इथे आणलेल्या थिबा राजाचा राजवाडा, झाडगावचे मत्स्यालय, मांडवीचा किनारा, हे सगळे चार-पाच किलोमीटरच्या टापूत आहे. आरे-वारे मार्गे गणपतीपुळे पंचवीस किलोमीटर. जहाज आठ तास थांबले तर दीड तास वजा जाऊन साडेसहा तास उरतात, आणि शहरापुरते फिरले तर त्यात प्रवासाचा वेळ तासाभराहून जास्त जात नाही. तालिनच्या तोडीचे हे गणित आहे.

बंदरावर मिळणाऱ्या वेळेची कसोटी जहाज कंपनीच्या हातात आहे. मुंबई–गोवा रात्रीचा प्रवास असतो. जहाज रत्नागिरीवरून जाते ते अंधारात. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘आंग्रिया’ क्रूझही दुपारी मुंबईहून निघून सकाळी गोव्याला पोचत असे. एक दिवस रत्नागिरीला द्यायचा तर दोन रात्रींची फेरी तीन रात्रींची करावी लागेल. तेवढे गिऱ्हाईक आहे की नाही, हे कंपनीला आकड्यांनी पटवून द्यावे लागेल.

तिसऱ्या कसोटीवर मात्र रत्नागिरी मागे पडते. मुंबईहून चालणाऱ्या ‘एम्प्रेस’सारख्या क्रूझ जहाजाची लांबी २११ मीटर आणि पाण्याखालचा भाग सात मीटरहून जास्त. एवढ्या जहाजाला धक्क्याशी बारमाही खोल पाणी, वळायला जागा आणि लाटांपासून आडोसा लागतो. हे नसेल तर जहाज बाहेर नांगर टाकणार आणि पुन्हा होड्यांच्या खेपा सुरू होणार. गाळ काढणे हा एकदाचा खर्च नसतो; काढलेला गाळ पुढच्या पावसाळ्यात परत येतो. टर्मिनलची इमारत देखणी होईल, पण जहाज टिकेल ते पाण्याच्या खोलीवर.

मुंबईत सप्टेंबर २०२५ मध्ये ५५६ कोटींच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. एका वेळी पाच जहाजे आणि वर्षाला दहा लाख प्रवासी, अशी त्याची क्षमता आहे. ही जहाजे सुटणार मुंबईहून, पण थांबणार कुठे? महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे ४८ लहान बंदरे आहेत. त्यांतले एकही क्रूझच्या दिवसभराच्या थांब्याला तयार नसेल, तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याला त्या दहा लाखांचा उपयोग नाही.

नॉर्वेकडून घ्यायचा धडा

नॉर्वेच्या किनारी सेवेत आज दोन कंपन्यांची मिळून अकरा जहाजे आहेत. ती वर्षभर चालतात आणि त्यासाठी सरकार कंपन्यांना कराराने पैसे देते. लहान गावांत जहाज पंधरा-वीस मिनिटे थांबते: टपाल, माल आणि गावचे प्रवासी. ट्रॉन्डहाइम, ट्रॉम्सो अशा शहरांत काही तास थांबते, म्हणजे पर्यटकाला गाव पाहता येते. एकाच जहाजावर शेजारच्या बंदरापर्यंतचे तिकीट काढलेला कोळी असतो आणि बारा दिवसांची फेरी करणारा परदेशी पाहुणाही असतो. पर्यटकाच्या पैशामुळे सेवा तगते आणि गावकऱ्याच्या गरजेमुळे तिला अर्थ राहतो.

कोकण बोटीला असा आधार टिकला नाही. मोगल लाइनच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ सत्तर-ऐंशीच्या दशकांत चालल्या. मग रस्ते सुधारले, एसटी वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचली, खाड्यांची मुखे गाळाने भरत गेली, आणि १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. बोट मागे पडण्याची ही कारणे खरी आहेत. पण आज रेल्वेची तिकिटे सणाला काही मिनिटांत संपतात आणि महामार्ग तुंबतो. समुद्राचा रस्ता परत उघडण्याची वेळ तेव्हाच येते, आणि तो उघडताना तो फक्त महागड्या गाड्यांच्या सोयीचा होऊ नये.

म्हणून मागण्या तीन. पहिली, जयगड आणि विजयदुर्गच्या धक्क्यावर बोटीच्या वेळेला जोडून एसटी उभी हवी. नाहीतर गाडी नसलेल्या प्रवाशाला चार तासांच्या समुद्रानंतर धक्क्यावर अडकून पडावे लागेल. दुसरी, भगवती बंदराच्या कामात इमारतीआधी खोली आणि लाटरोधक भिंत यांचे आकडे जाहीर व्हावेत. तिसरी, वेळापत्रक जाहीर करताना अंतर आणि वेग शेजारी छापावेत, म्हणजे वेळ खरी की आशेवरची, हे प्रवाशाला कळेल.

आणि वाचकाला एक सांगणे. तिकीट नॉर्वेचे असो की जयगडचे, पैसे भरण्यापूर्वी एक कागद घ्या. प्रत्येक बंदरापुढे तीन रकाने आखा: हातात राहणारे तास, धक्का ते गाव अंतर, धक्का की नांगर. ज्या फेरीत हे रकाने भरताना कंपनीकडून उत्तर मिळत नाही, ती फेरी घेऊ नका.